मेडिकलच्या काउंटरवरचा श्रावण सोमवार

सकाळी ६

सासूबाईंची दिवसाची पहिली गोळी थायरॉइडची. ती अनशेपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियमची गोळी थेट दुपारच्या जेवणानंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला लागून घेतली, तर थायरॉइडचं औषध अंगी लागत नाही. मग रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि चूक मात्र घरातच राहते.

आमच्या अकोल्याच्या घरी औषधांचा डबा बैठकीतल्या फडताळात वरच्या फळीवर असतो. स्वयंपाकघरात नाही, कारण तिथे गॅसची धग आणि वाफ. फ्रिजच्या डोक्यावरही नाही, तिथेही ऊब असते. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर ‘३० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा’ असं छापलेलं असतं, आणि आमच्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत तेव्हा काय होत असेल, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. गोळीचं नाव, कशासाठी, कधी, कोणत्या डॉक्टरांनी दिली, कधीपासून. सासूबाईंचा तो कागद मी लिहिला असला तरी त्याचा ताबा त्यांच्याकडेच आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली की त्या स्वतः पेन घेऊन जुनी ओळ खोडतात.

आज श्रावणी सोमवार, त्यांचा उपवास. त्यांना साखरेच्या दोन गोळ्या आहेत. त्यातली ग्लिमेपिराइड जेवणाआधी घ्यायची, आणि ती घेऊन जेवलं नाही तर साखर झपकन खाली येते. श्रावण लागण्यापूर्वी आम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. सोमवारी सकाळची ती गोळी घ्यायची नाही, संध्याकाळी उपवास सोडताना काय करायचं, हे त्यांनी त्यांचे रिपोर्ट पाहून लिहून दिलं. हे त्यांच्यापुरतं आहे. शेजारच्या काकूंना कदाचित वेगळं सांगतील. उपवास करूच नका असं मी कुणाला म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की लोक उपवास करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. आधी विचारा, एवढंच म्हणते. आणि उपवासात घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची. साखर उपवासाला चालते.

सकाळी साडेनऊ

जठारपेठेतलं दुकान उघडलं की पहिलं काम फ्रिजच्या थर्मामीटरकडे पाहायचं. २ ते ८ अंशांच्या मध्ये आकडा हवा. तो वहीत टिपायचा. रात्री लाइट गेली होती का, इन्व्हर्टरने किती वेळ धरलं, हेही.

पहिलं गिऱ्हाईक बार्शीटाकळीकडून आलेला मुलगा, आईसाठी इन्सुलिन न्यायला. सोबत बर्फाची थैली घेऊन आला होता, म्हणजे काळजी होती. पण बर्फाला थेट टेकलेलं इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला पूर्वीसारखं झालं तरी कामाचं राहत नाही. बाटली कागदात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिली आणि बर्फ बाजूला ठेवायला सांगितला. घरी फ्रिज आहे, तेव्हा दारातल्या कप्प्यात ठेवायची, वरच्या बर्फाच्या खणाजवळ नाही.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना मी माठाचा उपाय सांगते. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची. फ्रिजची बरोबरी होत नाही, पण उन्हाळ्यातल्या खोलीपेक्षा आतली हवा बरीच थंड राहते. उघडलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे वापरायचं असतं. म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर मीच लिहायला लावते, दुकानात, माझ्यासमोर. घरी गेल्यावर कुणी लिहीत नाही.

सकाळी ११

या वेळेला दवाखान्यांच्या ओपीडी सुटतात आणि काउंटरला माणसं तीन रांगांनी उभी राहतात. पावसाळ्याचे दिवस, घरोघरी ताप. पर्ची वाचणं, गोळ्या काढणं, बिल करणं, आणि प्रत्येकाला निदान चार वाक्यं सांगणं. घाईत नेमकी ती चार वाक्यंच गळतात. मला या धंद्यात सगळ्यांत जास्त लागणारी गोष्ट हीच आहे. डॉक्टर लिहून मोकळे, आम्ही देऊन मोकळे, आणि औषध प्रत्यक्ष पाजणारी घरातली सून किंवा नात त्या वेळी ना दवाखान्यात असते ना दुकानात.

आज मात्र पाजणारी स्वतः आली होती. बाळापूरकडची तरुण आई, कडेवर वर्षाचं लेकरू, अंग तापलेलं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचं सिरप लिहिलं होतं. बाटली हातात घेऊन तिने विचारलं, “ताई, मागच्या बाटलीतलं थोडं घरी हाये. तेच येक झाकण देलं तं चालते ना जी?”

पिशवीत ती जुनी बाटलीही होती. मी दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. नवीवर लिहिलं होतं, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. जुनीवर, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. रंग जवळपास सारखा, वास सारखा, नावात एका आकड्याचा फरक. आणि याच औषधाचे थेंबही मिळतात, त्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं.

बाळाचं वजन पर्चीवर १० किलो लिहिलेलं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे या लेकराला १५० मिलिग्रॅम. नव्या बाटलीतून ते ६ मिली होतं. जुन्या बाटलीतून ३ मिली. थेंबांच्या बाटलीतून दीड मिली. ‘सहा मिली’ एवढंच डोक्यात ठेवून तिने जुनी बाटली वापरली असती तर दुप्पट औषध गेलं असतं, थेंबांची वापरली असती तर चौपट. एकदा चुकलं तर बहुधा निभावतं. तापात दिवसातून चार वेळा, तीन दिवस तेच होत राहिलं, तर बाळाच्या यकृताचं काय होईल हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि तो चढू द्यावा असं मला वाटतं.

मापाच्या टोपीवर ६ मिलीच्या रेघेला बॉलपेनने गडद केलं. घरच्या चमच्याने द्यायचं नाही, कारण कुणाचा चमचा तीन मिलीचा, कुणाचा आठचा. दोन डोसांमध्ये किमान चार-सहा तास. दिवसात चार वेळांच्या वर नाही. आणि ताप डेंगीचा आहे की कसला हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्या वाट्याला जायचं नाही, कारण डेंगीत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जुनी बाटली तिने माझ्याकडेच ठेवली. मग मी तिला विचारलं, आता सांगा, किती द्यायचं, कधी द्यायचं? तिने बोट टोपीच्या रेघेवर ठेवून सगळं म्हणून दाखवलं. मागे उभी असलेली माणसं कुरकुरली. कुरकुरू देत.

जाता जाता ती म्हणाली, “खोकल्याचं बी येखादं देऊन द्या.”

ते मी दिलं नाही, आणि का दिलं नाही ते सांगितलं. वर्षाच्या लेकराला खोकल्याच्या सिरपचा फायदा होत नाही, अपाय होऊ शकतो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका, पाचपर्यंतच्यांनाही शक्यतो टाळा, असं सगळ्या राज्यांना कळवलं.

ते कळवायची वेळ का आली, हे आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. सातपुड्याच्या पलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात, कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलेल्या मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. वीसहून जास्त मुलं गेली. तामिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के सापडलं. चालण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते, न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती. चाळीस वर्षांनी तेच विष लेकरांच्या पोटात गेलं. मी त्या आठवड्यात रात्री दुकान बंद करून एक-एक बाटलीचा बॅच नंबर तपासत होते आणि मला संताप आवरत नव्हता.

यातली बरीच औषधं डॉक्टरांच्या पर्चीवरच घेतली गेली होती. म्हणजे घरच्यांनी नियम पाळला होता. बाटलीत विष आहे का हे कोणत्याही आईला घरी ओळखता येणार नाही, ते काम कारखान्याचं आणि सरकारचं. पण आईच्या हातात दोन गोष्टी आहेत. बिल आणि बाटली औषध संपेपर्यंत फेकायची नाही, कारण औषध परत मागवतात ते बॅच नंबरावरून. आणि औषध सुरू असताना लेकराने सहा-आठ तास लघवी केली नाही, तर रात्र असो की पाऊस, तडक मोठा दवाखाना गाठायचा, बाटली सोबत घेऊन.

याच गर्दीत एक ओळखीचे काका. “ताई, मांगच्या खेपेले तीन गोयातच बरं वाटलं होतं. त्याच देऊन द्या. डाक्टरकडे गेलं तं पाचशे रुपये लागतेत.” पाचशे रुपये खरंच लागतात, आणि सोयाबीनच्या पेरणीनंतर हातात पैसा नसतो, हेही खरं. पण त्यांना हवं होतं ते अँटिबायोटिक. पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध पर्चीशिवाय नाही. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या यांच्यासाठी १ मार्च २०१४ पासून वेगळी ‘एच-१’ सूची आहे. ती विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. काकांना साधा विषाणूचा ताप दिसत होता. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि अर्धवट घेतल्याने खरी गरज पडेल तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. त्यांना पॅरासिटामॉल दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दोन दिवसांत उतरला नाही तर सर्वोपचार रुग्णालयात दाखवा म्हटलं. तिथे केसपेपर खाजगी दवाखान्यासारखा महाग नसतो.

ते नाराज होऊन गेले. कुठल्या तरी दुकानात त्यांना ती गोळी मिळालीही असेल. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हे थांबवल्याशिवाय माझ्या एकटीच्या नकाराला फार अर्थ नाही, आणि तरीही मी नकार देते.

दुपारी २

डबा खाऊन झाला. दोन ते चार दुकानात शांतता असते. दिवसातलं खरं काम मी या वेळेला ठेवते.

नेहमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगून ठेवलंय, वर्षातून दोनदा घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी घेऊन दुपारी या. आज बोरगाव मंजूच्या एक आजी आल्या, नातवाच्या मोटारसायकलवर. कापडी पिशवी काउंटरवर उलटी केली तेव्हा त्यातून अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, डोळ्यांच्या थेंबांच्या तीन बाटल्या, मळकी कफ सिरपची बाटली, एका डबीत सुट्या मिसळलेल्या गोळ्या, आणि कागदाच्या पुडीत नाव-गाव नसलेल्या चार गोळ्या निघाल्या.

“ह्या कायच्या आहेत आजी?”

“गावातल्या डाक्टरनं देल्या होत्या, गुडघ्याच्या. घेतल्या का लगेच चालता येते बाप्पा.”

बिननावाच्या, लगेच गुण देणाऱ्या पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. गुण खरा असतो, किंमत मागाहून कळते. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. म्हणून आजींना ‘फेकून द्या’ असं मी म्हटलं नाही. किती दिवस घेतल्या ते विचारलं, पुडीवर तारीख टाकली, आणि नातवाला ती पुडी घेऊन आजच मेडिसिनच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डबीतल्या सुट्या गोळ्या मात्र बाजूला काढल्या. फॉइलमधून काढलेली गोळी कोणती, कधी संपणारी, कुणीच सांगू शकत नाही. स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटी कापायचं, हे मी आमच्या मुलालाही शिकवलंय. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरच, मग बाटलीवरची छापील मुदत दोन वर्षांची असली तरी.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी ही पिशवी मी मागवते. आजींना हातापायांच्या सांध्यांची सूज आहे, त्यासाठी मेथोट्रेक्सेट सुरू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा हाडातला गाभाच, बंद पडतो, तोंडात फोड येतात, माणूस दगावतो. जगभर या एका चुकीने माणसं गेली आहेत. आजींच्या स्ट्रिपमध्ये जेवढ्या गोळ्या असायला हव्या होत्या तेवढ्या होत्या. जीव भांड्यात पडला. तरीही स्ट्रिपवर मागच्या बाजूला मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: फक्त मंगळवार. फोलिक अ‍ॅसिडच्या स्ट्रिपवर: गुरुवार.

“मले वाचता येत नाही वं माय.”

मग लाल दोरा मंगळवारच्या स्ट्रिपला. मंगळवारी गावात कशाची आठवण असते? अंबामातेच्या देवळातल्या आरतीची. आरतीहून आलं की लाल दोऱ्याची गोळी. नातवाने ते मोबाइलमध्येही टाकून घेतलं.

स्ट्रिपवर वार-तारीख लिहायची कल्पना माझी नाही. शिकत असताना आम्हाला अमरावतीच्या तपोवनात नेलं होतं, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभ्या केलेल्या त्या वसाहतीत. तिथे मी पहिल्यांदा बहुविध औषधोपचाराचं पाकीट पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये ही तीन औषधांची पद्धत सुचवली, आणि पुढे तिचं पाकीटच असं बनवलं की एका पाकिटात २८ दिवस. महिन्यातला पहिला मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, बाकीचे सत्तावीस दिवस घरी, एका दिवसाची गोळी एका घरात. कोणता दिवस चुकला ते पाकीट पाहूनच कळतं. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही. एवढा जुनाट रोग आटोक्यात आला त्यात औषधाचा वाटा मोठा, पण पाकीट बनवणाऱ्याने रुग्णाच्या घराचा विचार केला, त्याचाही आहे. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या बनवणाऱ्या आपल्या कंपन्यांना हे अजून का सुचू नये, असं मला राहून राहून वाटतं.

दुपारी ४

तेल्हाऱ्याकडचा एक तरुण शेतकरी, कामानिमित्त अकोल्यात आलेला. “डोकं लय दुखून राह्यलं, उलटी आल्यासारखं होऊन राह्यलं. येखादी गोई द्या.” कपाळावर घामाचे थेंब, तोंडात सारखी लाळ. सकाळी काय केलं विचारलं. कपाशीवर फवारणी करून, हात-पाय धुऊन बसमध्ये बसला होता.

त्याला मी गोळी दिली नाही. डोळ्यांकडे पाहिलं, बाहुल्या बारीक झालेल्या. ऑटो बोलावून आमच्या मुलाला सोबत देऊन थेट सर्वोपचारला पाठवलं, आणि वावरात कोणतं औषध फवारलं ते घरच्यांना फोन करून डब्यावरून वाचून घ्यायला लावलं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. त्यातले कित्येक आधी डोकेदुखीची गोळी घेऊन घरीच पडून राहिले असतील, असं मला वाटत राहतं. असं कुणी आलं तर ओले कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं, जबरदस्तीने उलटी करवायची नाही, आणि दवाखान्यात कीटकनाशकाचा डबा सोबत न्यायचा.

खेड्यातल्या घरांत फवारणीचा डबा आणि खोकल्याची बाटली एकाच कोनाड्यात दिसते. उरलेलं कीटकनाशक रिकाम्या सिरपच्या बाटलीत भरून ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत. हे कुणी हौसेने करत नाही, महागाचं असतं म्हणून सांडू नये यासाठी करतात. पण अंधारात हात जातो तो बाटलीच्या आकारावर.

पाचच्या सुमारास फोन आला, त्याला भरती करून घेतलंय, शुद्धीत आहे.

संध्याकाळी साडेसहा

पुन्हा गर्दी. राजराजेश्वराला जल चढवायला गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणणारे काही शिवभक्त दिवसभर चालून आलेले. गुडघ्याला, टाचेला गोळी मागतात. तरुण पोरांना एखादी दिली तर चालते, पण त्यांच्यात पन्नाशीचे एक जण रक्तदाबाची गोळी घेणारे निघाले. दिवसभर उपाशी, पाणी कमी, त्यात वेदनाशामक म्हणजे मूत्रपिंडावर घाव. त्यांना मलम दिलं, आधी पाणी प्या म्हटलं.

रात्री साडेआठ

माहेर अमरावतीचं, गाडगेनगरात. बाबा ऐंशीच्या पुढचे. गेल्या आठवड्यात त्यांना दवाखान्यातून सुट्टी झाली. भाऊ फोनवर म्हणाला, बाबा सकाळी उठले की झोक जातो, आज तर भिंत धरावी लागली. अशक्तपणा असेल.

व्हिडिओ कॉल लावून डबा दाखवायला सांगितलं. सुट्टीच्या कार्डावर रक्तदाबासाठी एक गोळी लिहिली होती, नाव नवीन. भावाने ती आणली आणि इमानदारीने सुरू केली. पण डब्यात आधीपासून चालू असलेली गोळीही तशीच होती, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची, आणि आईने तीही बंद केली नव्हती. दोन्ही स्ट्रिपा कॅमेऱ्याजवळ धरायला लावून ब्रँडच्या मोठ्या नावाखालची बारीक ओळ वाचली. दोन्हींत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. बाबा आठवडाभर एकच औषध दोनदा घेत होते.

बाबांना बसवून दाब मोजायला सांगितला. वरचा आकडा नव्वदीच्या घरात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जुनी गोळी बंद करायला सांगितली, नवीही उद्या सकाळी दाब पाहून, मला कळवूनच द्या म्हणाले, आणि रात्री बाबांना एकटं उठू देऊ नका. जुनी स्ट्रिप आईने त्याच वेळी डब्यातून काढून वेगळी बांधली.

ही चूक घरोघरी होते, कारण ती आज्ञाधारक माणसांच्या हातून होते. आईने जुन्या डॉक्टरांचं ऐकलं, भावाने नव्या डॉक्टरांचं. जन-औषधी केंद्रातून स्वस्त गोळी आणली की असंच होतं. पांढरीच्या जागी गुलाबी आली, म्हणजे आणखी एक रोग निघाला असं घरचे समजतात आणि दोन्ही सुरू ठेवतात. जेनेरिक घ्यायला मी स्वतः सांगते, महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली येतो. पण ब्रँडचं नाव नव्हे तर त्याखालची बारीक ओळ जुळवून पाहायची. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो मोबाइलने पाहिला की औषधाचं मूळ नाव, बॅच, मुदत मोठ्या अक्षरांत दिसते. म्हाताऱ्या डोळ्यांना ते फार सोयीचं आहे, घरातल्या पोरांनी एवढं काम करावं.

रात्री दहा

शटर ओढण्याआधी मुदत संपलेल्या औषधांचं खोकं बांधलं, कंपनीकडे परत जाईल. दुकानाला ही सोय आहे, घराला नाही. घरातल्या मुदतबाह्य गोळ्या लोक मोरीत टाकतात, शेजाऱ्याला देतात, किंवा ‘कामी येईल’ म्हणून ठेवतात. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरोघरची अशी औषधं गोळा करायला सुरुवात केली. अकोला आणि अमरावती महापालिकांनी हे करायला हवं, आणि औषध विक्रेत्यांच्या आमच्या संघटनांनी त्यासाठी दुकानाच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवायची तयारी दाखवावी. तोवर अशा गोळ्या फॉइलमधून काढून ओल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवायच्या, पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं, आणि मगच कचरागाडीत द्यायच्या, म्हणजे रस्त्यावरचं लेकरू किंवा गाय त्यांना तोंड लावणार नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती. येत्या रविवारी घरातली सगळी औषधं, देवघरामागची, पर्समधली, फ्रिजमधली, एका पिशवीत गोळा करा. पर्च्या आणि सुट्टीची कार्डंही त्यातच टाका. मग आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, गर्दी नसताना, तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये जा. दुकानात परवाना लावलेला असतो, त्यावरचा नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण ते विचारा आणि त्यांच्यासमोर पिशवी उघडा. प्रत्येक गोळीबद्दल चार गोष्टी विचारा: कशासाठी, कधी, किती दिवस, आणि एखादी वेळ चुकली तर काय करायचं. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, फार्मासिस्टने शंका काढली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. याचे पैसे लागत नाहीत.

आणि जाताना घरात जो माणूस रोज औषध काढून देतो, त्याला सोबत न्या.